पिढ्या पिसल्या तरी

आखूड बोटांचं जनुक प्रभावी आहे, म्हणजे त्याची एक प्रत असली तरी बोटं आखूड होतात. मग काळाच्या ओघात चारातल्या तिघांची बोटं आखूड का होत नाहीत? १९०८ साली हा प्रश्न केंब्रिजचे जनुकशास्त्रज्ञ पनेट यांना सुटेना, म्हणून त्यांनी तो आपल्या क्रिकेटच्या सोबत्यापुढे ठेवला. सोबती म्हणजे गणितज्ञ हार्डी, ज्यांनी पुढे रामानुजनना इंग्लंडला बोलावून घेतलं. हार्डींना उत्तरासाठी पाढ्यांपलीकडचं गणित लागलंच नाही. जर्मनीत श्टुटगार्टचे डॉक्टर वाइनबर्ग त्याच वर्षी, थोडे आधीच, त्याच उत्तरापर्यंत पोचले होते.

पत्ते कितीही पिसले तरी राजे चारच राहतात, तसं हे उत्तर. समजा, एखाद्या जनुकाच्या दर दहा प्रतींत एक वेगळी आहे. लग्नं हे जनुक न पाहता जुळत असतील, तर शंभर जणांत ८१ जणांकडे ती नसते, १८ जणांकडे एक असते आणि फक्त एकाकडे दोन. पुढच्या पिढीत तेच, शंभराव्या पिढीतही तेच! जनुक प्रभावी असल्याने काडीचा फरक पडत नाही.

अट एवढीच, की लोकसंख्या अफाट हवी, जोड्या आंधळेपणाने जुळायला हव्यात, बाहेरून कुणी यायला नको, जनुकात नवा बदल व्हायला नको आणि जगण्या-वाढण्याची संधी सर्वांना सारखी हवी. असं गाव पृथ्वीवर नाही. म्हणून तर हे सूत्र मोलाचं: हिशेब जिथे चुकतो, तिथे उत्क्रांतीचा माग लागतो.

नायजेरियात १२,३८७ प्रौढांच्या रक्ताचा हिशेब मांडला गेला. सूत्राप्रमाणे सिकलसेल या रक्ताच्या आजाराच्या जनुकाच्या दोन्ही प्रती असलेले सुमारे १८८ जण हवे होते. सापडले २९. उरलेले मोठे होण्याआधीच आजाराने गेले असणार. मग हे जनुक संपत का नाही? कारण एक प्रत असलेले वाहक हिशेबापेक्षा जास्त निघाले. त्यांना जीवघेण्या मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं, हे संशोधक ॲलिसन यांनी १९५४ मध्ये पूर्व आफ्रिकेत दाखवलं. एकही प्रत नसलेल्यांना मलेरिया गाठतो, दोन असलेल्यांना सिकलसेल. मधले तगतात आणि जनुक टिकवतात. नैसर्गिक निवड चालू असूनही जनुकाचं प्रमाण जागच्या जागी! मला तर हा समतोल हार्डींच्या समतोलापेक्षा अधिक थक्क करतो.

गडचिरोली-नंदुरबारच्या आदिवासी समाजांतही सिकलसेलचं जनुक आहे. आई-वडील दोघेही वाहक असतील, तर प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक. रक्ताची साधी तपासणी सरकारी दवाखान्यात होते. लग्न ठरवण्याआधी दोघांनीही ती करून घ्यावी.