मामूंचे जुने भिंग

मुलांनो, विज्ञानाच्या तासाला तुम्ही 'अदसा' हा शब्द ऐकला असेल. मराठीत त्यालाच भिंग म्हणतात. फोटो काढणारे लोक लेन्स म्हणतात. अरबी भाषेत 'अदस' म्हणजे मसूर. गंमत अशी, की लॅटिन भाषेत 'लेन्स' या शब्दाचा अर्थही मसूरच आहे! दोन्ही बाजूंनी फुगीर असलेली काच मसुरीच्या दाण्यासारखी दिसते, म्हणून हे नाव पडले.

माझे मामू भिवंडीत लग्नाचे फोटो काढत असत. त्यांच्याकडे सोव्हिएत संघात बनलेला झेनिट कॅमेरा होता. त्याला 'हेलिओस ४४-२' नावाची लेन्स होती. तिच्यात सहा काचा असतात आणि तिचे नाभीय अंतर ५८ मिलिमीटर असते. तिची रचना जर्मनीतील झाइस कंपनीच्या 'बायोटार' या लेन्सवरून घेतलेली आहे. या लेन्समध्ये मोटर नाही, सेल नाही, एकही तार नाही. सगळे काम हाताने कडे फिरवून करायचे. फिल्मचे रोल मागे पडले, तसे मामूंचे काम थांबले. कॅमेऱ्याची चामडी पिशवी माळ्यावर गेली.

अनेक वर्षांनी मी ती पिशवी खाली काढली. मनात विचार आला, ही लेन्स माझ्या डिजिटल कॅमेऱ्यावर बसेल का?

याचे उत्तर समजण्यासाठी एक सोपा प्रयोग करा. आजोबांचे वाचायचे भिंग घ्या. खिडकीसमोरच्या भिंतीजवळ ते धरा आणि हळूहळू मागेपुढे करा. एका ठरावीक अंतरावर खिडकीबाहेरच्या झाडाचे लहानसे, उलटे चित्र भिंतीवर स्पष्ट उमटेल. अंतर थोडे चुकले, की चित्र अस्पष्ट होते. (भिंगातून सूर्याकडे मात्र कधीही पाहू नका.) कॅमेऱ्यात भिंतीच्या जागी पूर्वी फिल्म होती, आता सेन्सर असतो. अंतराचा नियम मात्र तोच आहे.

हेलिओसच्या मागच्या बाजूला स्क्रूसारखे आटे असतात. त्यांचा व्यास ४२ मिलिमीटर असतो. ही लेन्स जिथे टेकते तिथून फिल्मपर्यंतचे अंतर ४५.४६ मिलिमीटर असावे लागते. एवढी जागा कशासाठी? जुन्या कॅमेऱ्यात लेन्स आणि फिल्म यांच्यामध्ये एक आरसा असे. तोच चित्र वर, फोटो काढणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत पोहोचवत असे. माझ्या सोनी कॅमेऱ्यात आरसा नाही. म्हणून त्यात हे अंतर फक्त १८ मिलिमीटर आहे. आता वजाबाकी करा. २७.४६ मिलिमीटर कमी पडतात ना? तेवढ्या उंचीचे धातूचे पोकळ कडे मध्ये बसवले, की काम झाले! या कड्याला ॲडॉप्टर म्हणतात. त्यात काच नसते, म्हणून ते फार महाग नसते.

सगळ्याच कॅमेऱ्यांवर हे जमत नाही. निकॉनच्या आरशाच्या कॅमेऱ्यात हे अंतर ४६.५ मिलिमीटर आहे, म्हणजे आधीच एक मिलिमीटर जास्त! त्यावर हेलिओस बसवली, तर सुमारे तीन मीटरपलीकडची वस्तू स्पष्ट दिसतच नाही. एका मिलिमीटरने एवढा फरक पडतो.

लेन्स बसवली आणि कॅमेरा सुरू केला. तो फोटो काढायलाच तयार होईना! लेन्सकडून कोणताही संदेश येत नसल्यामुळे आपल्याला लेन्स लावलेलीच नाही, असे त्याला वाटत होते. 'लेन्सशिवाय फोटो काढा' अशी एक सूचना सेटिंगमध्ये शोधून चालू करावी लागते. मी अर्धा तास उगाच कडे घट्ट करत बसलो होतो.

त्या दिवशी खरा शिक्षक मामू ठरले. त्यांनी लेन्स बोटांनी चाचपली आणि म्हणाले, "बेटा, आधी छिद्र पूर्ण उघड, २ वर आण. मग फोकस कर. मग ५.६ पर्यंत बंद कर." छिद्र पूर्ण उघडे असताना चित्रातला फारच थोडा भाग स्पष्ट असतो. एक मीटरवर बसलेल्या माणसाचा डोळा स्पष्ट येतो आणि कान अस्पष्ट राहतो. त्यामुळे फोकस नेमका कुठे आहे ते चटकन कळते. मग छिद्र लहान केले, की पुढचा-मागचा भागही स्पष्ट होऊ लागतो. झेनिटमध्ये छिद्र बंद केले, की समोरचे दृश्य काळोखे होई. डिजिटल कॅमेरा पडदा आपोआप उजळ ठेवतो. शिवाय चित्राचा हवा तो भाग पडद्यावर मोठा करून पाहता येतो. मामूंना ही सोय फार आवडली.

धावत्या मुलांचे फोटो मात्र या लेन्सने चांगले आले नाहीत. कडे फिरवेपर्यंत मुले पुढे निघून जात. तिथे नवी, आपोआप फोकस करणारी लेन्सच हवी. बसलेल्या माणसाच्या फोटोला हेलिओस छान. मागे झाडी असली, तर पानांमधले उजेडाचे ठिपके गोल गोल फिरल्यासारखे दिसतात. जाणकार याला लेन्सचा दोष म्हणतात. पण याच दोषासाठी लोक ही लेन्स हौसेने विकत घेतात.

पिशवीत दुसरीही एक लेन्स होती. ती उजेडात धरली, तर आत कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढरे धागे पसरलेले. ती बुरशी होती. भिवंडीचा पावसाळा, बंद चामड्याची पिशवी आणि अंधार, बुरशीला आणखी काय हवे? मी ती लेन्स दुरुस्त करणाऱ्याकडे नेली. त्याने काचा पुसल्या, पण बुरशीने काचेवरचा पातळ थर खाऊन टाकला होता. ती पूर्वीसारखी झाली नाही. मामू काही बोलले नाहीत. त्यांच्या बहिणीच्या, म्हणजे माझ्या अम्मीच्या निकाहचे फोटो त्यांनी तिनेच काढले होते.

आता हेलिओस घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर राहते. दर महिन्याला मी तिला बाहेर काढतो आणि अम्मीचा एक फोटो काढतो. मामू शेजारी बसून विचारतात, "छिद्र किती ठेवलंस?"