आकड्यावर किती विसंबायचे?

अहिल्यानगर जिल्ह्यातल्या राहुरीला महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे मुख्यालय आहे. 1968 साली स्थापन झालेल्या या विद्यापीठाचे कार्यक्षेत्र नंदुरबार-जळगावपासून सांगली-कोल्हापूरपर्यंत दहा जिल्ह्यांत पसरलेले आहे. त्याच्या आवारातले डॉ. अण्णासाहेब शिंदे कृषी अभियांत्रिकी व तंत्रज्ञान महाविद्यालय 1969 पासून कृषी अभियंते घडवत आले आहे. अभियांत्रिकीच्या इतर शाखांप्रमाणे इथल्या विद्यार्थ्यांनाही उपकरणशास्त्र शिकावे लागते: सेन्सर, ट्रान्सड्यूसर, ब्रिज सर्किट, कॅलिब्रेशन. विद्यार्थ्यांच्या मनात हा विषय बहुधा दुय्यम असतो. ट्रॅक्टर, ठिबक, प्रक्रिया उद्योग यांच्यापुढे तो फिका पडतो. माझे म्हणणे उलट आहे. हा विषय या शिक्षणाचा कणा आहे, आणि तो शिकवायला राहुरीच्या परिसराइतकी चांगली जागा कोणत्याही बंद प्रयोगशाळेत सापडणार नाही. अट एकच. उपकरण कसे चालवायचे एवढ्यावर न थांबता, त्याने दिलेल्या आकड्यावर किती विसंबायचे, हे शिकवले गेले पाहिजे.

सुरुवात जमिनीतल्या ओलाव्यापासून करू. मातीचा नमुना काढायचा, वजन करायचे, 105 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये साधारण 24 तास ठेवायचा आणि पुन्हा वजन करायचे, ही मूळ पद्धत. आज काही शे रुपयांत मिळणारा कपॅसिटिव्ह सेन्सर हाच आकडा क्षणात दाखवतो. तो मोजतो मातीचा विद्युत-अपार्यता स्थिरांक. पाण्याचा हा स्थिरांक 80 च्या आसपास, कोरड्या मातीचा 3 ते 5 आणि हवेचा 1 असतो, म्हणून पाणी वाढले की रीडिंग वाढते. टॉप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1980 मध्ये दिलेले समीकरण बहुतेक खनिज मातींना चालते, आणि कारखान्यातून येणाऱ्या सेन्सरमध्येही अशीच सर्वसाधारण सूत्रे भरलेली असतात. पण राहुरीच्या परिसरातली, मुळा-प्रवरा नद्यांच्या खोऱ्यातली भारी काळी जमीन सर्वसाधारण नाही. तिच्यातल्या चिकणमातीच्या कणांना घट्ट चिकटलेले पाणी मोकळ्या पाण्यासारखे वागत नाही. जमीन सुकताना भेगाळते, आणि भेग सेन्सरच्या पात्याला लागून पडली की सेन्सर मातीऐवजी हवा मोजतो. ज्या ओव्हनच्या पद्धतीला आपण प्रमाण मानतो, तीही इथे पूर्ण निर्धोक नाही. वजनी टक्केवारीवरून घनमानाची टक्केवारी काढायला मातीची घनता लागते, आणि काळी जमीन फुगते-आकसते तशी ती घनताच बदलत राहते.

या चुकीची किंमत काढता येते. सेन्सर घनमानाने 5 टक्के चुकला, तर 30 सेंटिमीटर खोलीच्या थरात 15 मिलिमीटर पाण्याची चूक होते. एकराला ती सुमारे 60,000 लिटर भरते. वाफसा आला की नाही, पाळी आज द्यायची की चार दिवसांनी, याचा निर्णय त्या आकड्यावर बसतो. विद्यार्थ्याने इथे दोन गोष्टी वेगळ्या ओळखायला हव्यात. एकाच वाफ्यात दहा जागी दहा वेगळी रीडिंग आली, तर तो जमिनीचा स्वभाव आहे. जास्त जागी मोजून सरासरी काढली की ही अनिश्चितता कमी होते. पण सेन्सरचे सूत्रच या मातीला लागू नसेल, तर हजार रीडिंगची सरासरीही तितकीच चुकीची राहते. हा फरक पुस्तकात एका परिच्छेदात उरकतो. शेतात ओव्हन आणि सेन्सर शेजारी ठेवून केलेल्या एका प्रॅक्टिकलमध्ये तो कायमचा समजतो.

पाण्याच्या प्रवाहाचेही तसेच. बारागाव नांदूरजवळचे मुळा धरण 26 टीएमसीचे, आणि राहुरी-नेवासा भागातली शेती त्याच्या आवर्तनांवर उभी आहे. धरणाच्या कालव्याच्या एका मायनरवर, नेवासा तालुक्यातल्या चांदा परिसरात, 1980 च्या दशकाच्या अखेरीस दत्त सहकारी पाणी वापर संस्था उभी राहिली आणि पाणी मोजून घेण्याची कल्पना लाभक्षेत्रात आली. पुढे 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणी वापर संस्थांना घनमापनाने पाणी देण्याचे तत्त्व राज्यभर मान्य केले. पाणी मोजायचे तर चारीवर पार्शल फ्ल्यूम किंवा खाचेचा बांध लागतो, आणि दोन्हींत आपण प्रत्यक्षात पाण्याची उंची मोजतो. प्रवाह त्या उंचीच्या घातावर अवलंबून असतो: फ्ल्यूममध्ये सुमारे दीड, त्रिकोणी खाचेत अडीच. पाण्याची उंची 15 सेंटिमीटर असताना पट्टी वाचण्यात एका सेंटिमीटरची चूक झाली, तर फ्ल्यूममध्ये प्रवाह दहा टक्क्यांनी आणि त्रिकोणी खाचेत सतरा टक्क्यांनी चुकतो. फ्ल्यूम गाळाने भरला, एका बाजूला कलला किंवा खालच्या बाजूचे पाणी फुगून मागे आले, तर पट्टी नीट वाचूनही हिशेब बिघडतो. चूक कशी वाढत जाते याचे गणित दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्याला येते. त्या गणितावर दोन गावांतले पाण्याचे भांडण मिटू किंवा पेटू शकते, हे त्याला चारीवर उभे राहिल्यावरच जाणवेल.

विद्यापीठाने तयार केलेले ‘फुले इरिगेशन शेड्युलर’ हे मोबाइल ॲप हवामानाची आकडेवारी घेऊन पिकाला किती पाणी द्यायचे ते सांगते. हे काम मोलाचे आहे, आणि नेमके म्हणूनच त्याच्या मुळाशी असलेल्या मोजमापांकडे लक्ष हवे. बाष्पपर्णोत्सर्जनाच्या, म्हणजे जमीन आणि पीक मिळून हवेत सोडतात त्या पाण्याच्या, प्रचलित सूत्राला वाऱ्याचा वेग जमिनीपासून 2 मीटरवरचा लागतो. हवामान केंद्रावरचा वेग 10 मीटरवरचा असेल आणि तो तसाच सूत्रात घातला, तर वारा सुमारे एक तृतीयांशाने जास्त धरला जातो. या सूत्रांची शहानिशा करणारे उपकरण म्हणजे लायसीमीटर, पिकासकट मातीची टाकी सतत तोलणारा काटा. राहुरीतल्या संशोधनात पिकांचे गुणांक काढण्यासाठी तो वापरला गेला आहे. एक चौरस मीटरची, मीटरभर खोल टाकी दोन टनांच्या घरात जाते. पिकाने 0.1 मिलिमीटर पाणी हवेत सोडले, की तिचे वजन 100 ग्रॅमने घटते. म्हणजे वीस हजारांत एक भाग ओळखायचा, आणि तोही उन्हाने लोडसेल तापत असताना, वारा पिकाला ढकलत असताना. मोजमापशास्त्राचे जवळपास सगळे धडे या एका टाकीत आहेत: संवेदनक्षमता, तापमानाचा परिणाम, शून्याचे सरकणे, नको असलेला कंप. माझ्या मते उपकरणशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याने आठवडाभर तरी लायसीमीटरची नोंद सांभाळली पाहिजे.

आणि राहुरी हा उसाचा तालुका. उसाचा भाव उताऱ्याशी, म्हणजे उसातून निघणाऱ्या साखरेच्या टक्केवारीशी, बांधलेला आहे. 2025-26 च्या हंगामासाठी केंद्राने 10.25 टक्के उताऱ्याला क्विंटलमागे 355 रुपये दर ठरवला, आणि त्यावरच्या प्रत्येक 0.1 टक्क्याला 3.46 रुपये. पाच लाख टन गाळपावर हा 0.1 टक्का 1 कोटी 73 लाखांचा होतो. पोलॅरिमीटर, ब्रिक्स, रसाचे आणि साखरेचे वजन अशी मोजमापांची साखळी त्या आकड्यामागे असते, आणि प्रत्येक कडीला स्वतःची अनिश्चितता असते. उसाच्या वजनाचेही तसेच: तोलताना होणाऱ्या काटामारीवरून महाराष्ट्रात किती आंदोलने झाली, हे वेगळे सांगायला नको. 20 टनांच्या ट्रेलरमागे एक टक्का म्हणजे 200 किलो. पडताळणी केलेल्या चांगल्या काट्याला इतक्या वजनावर असलेली मुभा दहा-वीस किलोंच्या घरातली आहे. किती फरक यंत्राच्या मर्यादेत बसतो आणि किती संशयाला जागा देतो, हे सांगू शकणारा अभियंता शेतकऱ्याच्या आणि प्रामाणिक कारखान्याच्या, दोघांच्याही बाजूचा असतो.

यावर आक्षेप येतील. पहिला असा, की उपकरणे आता डिजिटल झाली, कारखाना कॅलिब्रेशन करूनच पाठवतो. पण पडद्यावर दोन दशांश स्थळे दिसली म्हणून ती खरी ठरत नाहीत, आणि कारखान्याने कॅलिब्रेशन आपल्या मातीत केलेले नसते. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: शेतकऱ्याला इतकी अचूकता लागतेच कुठे? बरोबर आहे, अनेकदा लागत नाही. मात्र कुठे दहा टक्के चूक चालेल आणि कुठे एक टक्काही महाग पडेल, हे ठरवणे हेच मोजमापाचे ज्ञान. ते असलेला अभियंता कधी कधी शेतकऱ्याला महागडा सेन्सर घेऊ नका, मूठभर माती दाबून बघा, असेही सांगेल. तिसरा आक्षेप वेळेचा. ड्रोन, प्रतिमा-विश्लेषण, कृत्रिम बुद्धिमत्ता यांना अभ्यासक्रमात जागा हवी, आणि तास मोजकेच आहेत. पण ड्रोनच्या छायाचित्रावरून ओलावा सांगणारे प्रारूप शिकते ते जमिनीवर घेतलेल्या रीडिंगवरून. तीच कच्ची असतील, तर प्रारूप तीच चूक मोठ्या आत्मविश्वासाने हजारो एकरांवर पसरवेल. या नव्या विषयांमुळेच जुन्या विषयाची गरज वाढली आहे.

खरी अडचण मला प्रॅक्टिकलच्या रूढ पद्धतीत दिसते, आणि ती देशभरच्या अभियांत्रिकी शिक्षणाची आहे. उत्तर आधीच माहीत असते, आलेख सरळ रेषेत यायचा असतो, आणि रेषेबाहेर गेलेले रीडिंग विद्यार्थी ‘बसवतो’. गुण बसवलेल्या रीडिंगला मिळतात. अशा रीतीने चार वर्षांत आपण मोजमापाच्या नेमके विरुद्ध शिक्षण देतो. अनिश्चितता कशी मांडायची याची आंतरराष्ट्रीय मार्गदर्शिका 1993 पासून उपलब्ध आहे, आणि ती पदवीच्या विद्यार्थ्याला पेलते. त्यासाठी नवी इमारत नको, कोट्यवधींची उपकरणे नकोत. ओव्हन, तराजू, चारीवरचा फ्ल्यूम, स्वस्तातले पाच सेन्सर आणि काळी जमीन पुरे. विषय शिकवणाऱ्यांना एवढीच विनंती आहे: पुढच्या सत्राच्या जर्नलमध्ये प्रत्येक रीडिंगशेजारी अधिक-उण्याचा एक रकाना छापा, विद्यार्थ्याने तो कसा काढला ते विचारा, आणि उत्तराइतकेच गुण त्या रकान्यालाही द्या.