मूत्रपिंडाचा तीव्र आघात : वेळेत ओळखला तर बरा होणारा आजार

अजिंठ्याच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसलेला सोयगाव तालुका हा कापूस पिकवणाऱ्यांचा तालुका. वैशाखातले ऊन असो वा पावसाळ्यातील निंदणी-खुरपणी, येथील शेतकरी व शेतमजूर दिवसभर रानातच असतो. अशा माणसाला जुलाब-उलट्या झाल्या, ऊन लागले किंवा साप चावला, तर घरच्यांचे लक्ष ताप, वेदना व सूज यांकडे जाते. लघवी किती झाली, हे मात्र सहसा कोणी विचारत नाही. वस्तुतः हा साधा प्रश्न कित्येकदा जीव वाचवू शकतो.

आपली मूत्रपिंडे दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळतात व त्यातील बहुतेक पाणी शरीराला परत देतात. शरीरातील पाणी घटून रक्तदाब उतरला, जंतुसंसर्ग रक्तात पसरला, किंवा विष अथवा औषध बाधले, तर हे कार्य काही तासांत वा दिवसांत मंदावते. यालाच ‘अ‍ॅक्युट किडनी इंज्युरी’, म्हणजे मूत्रपिंडाचा तीव्र आघात म्हणतात. वर्षानुवर्षे बळावत जाणाऱ्या मूत्रपिंडविकाराहून हा निराळा आहे. वेळीच कारण दूर केले, तर मूत्रपिंडे पुष्कळदा पूर्ववत होतात. अडचण अशी की, आघात बहुधा वेदनेवाचून होतो आणि रक्तातील क्रिएटिनिन वाढलेले दिसेपर्यंत एक-दोन दिवस निघून गेलेले असू शकतात.

मूत्रपिंडतज्ज्ञांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०१३ साली ‘२०२५ पर्यंत शून्य’ ही मोहीम हाती घेतली. टाळता येण्याजोग्या अशा आघाताने, उपचारांअभावी, कोणीही दगावू नये, हा तिचा संकल्प. त्याच वर्षीचा जागतिक मूत्रपिंड दिनही याच विषयाला वाहिलेला होता. २०१५ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात मोहिमेचा अहवाल आला. त्यातील अंदाजानुसार जगात दरवर्षी सुमारे १ कोटी ३३ लाख लोकांना हा आघात होतो व सुमारे १७ लाख दगावतात. रुग्णांपैकी ८५ टक्के विकसनशील देशांतील असतात. पुढे नेपाळ, मलावी व बोलिव्हिया येथे छोट्या आरोग्यकेंद्रांतूनच लक्षणांवरून व बोटाच्या थेंबभर रक्तावरून धोका ओळखण्याचा प्रयोग झाला. २०२५ साल आले, पण शून्य काही गाठता आले नाही.

ते का गाठता आले नाही, याची खूण आपल्या शेजारीच आहे. १९८६ साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याची भेसळ असलेल्या ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. तेच द्रव्य २०२५ मध्ये खोकल्याच्या औषधातून मध्यप्रदेशातील छिंदवाडा भागातील बालकांच्या पोटात गेले. २० हून अधिक बालकांचा अंत झाला; अनेकांना उपचारांसाठी नागपुरात आणले होते.

सोयगावकरांसाठी सर्पदंशाचा धोका अधिक जवळचा आहे. घोणसाच्या विषाने रक्त गोठेनासे होते व मूत्रपिंडे निकामी होऊ शकतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे ठरवले असून, भारतानेही २०२४ मध्ये तशी राष्ट्रीय योजना जाहीर केली. परंतु योजना रुग्णाला रानातून उचलून नेत नाही. छत्रपती संभाजीनगरचे ‘घाटी’ रुग्णालय येथून सुमारे शंभर किलोमीटर दूर. तेव्हा पहिला तास मांत्रिकाकडे घालवणे परवडणारे नाही. दंशाची जागा कापू नये, दोरी आवळू नये. अवयव स्थिर ठेवून प्रतिविष मिळेल अशा जवळच्या दवाखान्यात न्यावे.

जुलाब-उलट्या सुरू होताच जलसंजीवनी द्यावी. पाकीट नसेल, तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर व अर्धा चमचा मीठ पुरते. चमचा चहाचा घ्यावा. शरीर कोरडे पडले असताना अंगदुखीच्या गोळ्या मनाने घेऊ नयेत. लघवी फार कमी वा लालसर झाली, चेहऱ्यावर सूज आली, धाप लागली, तर उद्याची वाट पाहू नये. डायलिसिस सुचवले, तर घाबरून रुग्णाला घरी आणू नये. या आजारात ते बहुधा आयुष्यभराचे नसते. मूत्रपिंडे सावरेपर्यंतचा तो आधार असतो.

वाचकहो, मोठ्या संकल्पांची वर्षे येतात आणि जातात. आजाऱ्याच्या उशाशी बसलेल्याने ‘लघवी झाली का?’ हे संकोच न करता विचारणे, एवढे तरी आजपासून आपल्या हाती आहे.