सांडपाण्याची पत

विदर्भात ज्याला कारखाना काढावयाचा त्याने प्रथम पाण्याची तजवीज करावी, हा दंडक फार जुना आहे. जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी नागपुरात सुरू झाली, तीही जुम्मा तलावाच्या शेजारीच. परंतु तेव्हापासून पुढे शंभराहून अधिक वर्षे कारखानदाराच्या जमाखर्चात कापसाला किंमत होती, वरोऱ्याच्या कोळशाला होती, मजुराच्या घामालाही थोडीबहुत होती. पाणी मात्र निसर्गाकडून मिळालेले इनाम समजून हवे तितके उचलावे आणि काम झाल्यावर नासवून नदीत सोडून द्यावे, असाच सर्वत्र रिवाज होता. ही इनामदारी धंद्याला अखेर किती महाग पडते, आणि ती सोडून दिल्याने धंद्याचेच हित कसे साधते, हे ज्याला पाहावयाचे असेल त्याने शहराच्या उत्तरेस असलेल्या कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राची हकिकत समजून घ्यावी.

कोराडीत १९७४ पासून वीज तयार होते आणि २०१५ ते २०१७ या काळात तेथे ६६० मेगावॅटचे तीन नवे संच सुरू झाले. कोळसा जाळून मिळणाऱ्या उष्णतेचा, यंत्रे कितीही सुधारलेली असली तरी, जेमतेम चाळीस टक्के भाग विजेत उतरतो. उरलेल्यापैकी बहुतांश उष्णता टर्बाइनमधून बाहेर पडणाऱ्या वाफेबरोबर कंडेन्सरमध्ये येते आणि ती वाफ पुन्हा पाणी होऊन बॉयलरकडे परतावी यासाठी तेथील नळ्यांतून सतत थंड पाणी खेळवावे लागते. त्या पाण्याने घेतलेली उष्णता कूलिंग टॉवरमध्ये टाकली जाते: वरून ऊन पाणी बारीक धारांनी खाली झरते, खालून हवा वर चढते, आणि पाण्याचा काही अंश वाफ होऊन उडून जाताना प्रत्येक किलोमागे सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता सोबत नेतो. टॉवरवर तरंगणारा तो शुभ्र ढग म्हणजे नदीचे पाणीच होय. एका मेगावॅट-तासाला सुमारे तीन हजार लिटर पाणी धरले, तर हे तीन संच पूर्ण भाराने चालताना दिवसाकाठी चौदा कोटी लिटर पाणी लागते.

हे पाणी एखाद्या वर्षी मिळाले नाही तर काय होते, याचा दाखला मराठवाड्याने दिला आहे. २०१३ च्या आरंभी खडका बंधारा आटला आणि परळीचे वीजकेंद्र बंद ठेवावे लागले. कोळसा होता, यंत्रे होती, कामगार होते, पाणी तेवढे नव्हते. नागपूरलाही हे संकट दूरचे राहिले नाही. शहर, शेती आणि वीजकेंद्रे या तिन्हींची भिस्त पेंच नदीवर. तिच्या वरच्या अंगाला मध्य प्रदेशाने चौराई धरण बांधल्यामुळे तिच्यावरील तोतलाडोह जलाशयात येणारे पाणी घटले, त्यात पावसाने ओढ दिली, आणि जुलै २०१९ मध्ये नागपूरकरांना एक दिवसाआड पाणी घ्यावे लागले.

सुदैवाने या प्रसंगापूर्वीच एक शहाणपणाचा करार झालेला होता. शहरातून रोज वाहणारे सांडपाणी, जे पावसाच्या लहरीवर अवलंबून नाही आणि उन्हाळ्यातही आटत नाही, ते महानिर्मितीने, म्हणजे कोराडीचे केंद्र चालविणाऱ्या सरकारी वीजकंपनीने, घ्यावे, शुद्ध करावे व कोराडीला वापरावे, आणि त्याबद्दल महानगरपालिकेला वर्षाला सुमारे १५ कोटी रुपये द्यावेत, असे २००८ मध्ये ठरले. ज्या द्रव्याची विल्हेवाट लावण्यासाठी पालिकेला तिजोरीतून खर्च करावा लागे, त्याच द्रव्यावर तिला महसूल मिळू लागला. त्याप्रमाणे नागपुरात भांडेवाडीला रोज १३ कोटी लिटर सांडपाणी शुद्ध करणारे केंद्र उभे राहिले आणि पुढे तेथेच २० कोटी लिटर क्षमतेचे दुसरे झाले.

तेथील खरे कामकरी डोळ्यांना दिसत नाहीत. हौदातल्या तपकिरी, दाट पाण्यात खालून हवा फुंकली की कोट्यवधी सूक्ष्मजीव त्यातील सेंद्रिय मळ खाऊन वाढू लागतात. हवा थांबवताच त्यांचे पुंजके गाळ होऊन तळाशी बसतात आणि वर निवळलेल्या पाण्याचा थर सुटतो, तो हलकेच काढून घ्यावयाचा. तथापि एवढ्याने ते वीजकेंद्राच्या उपयोगी पडत नाही. टॉवरमध्ये पाणी उडून जाते, क्षार मागे उरतात आणि फेऱ्यागणिक दाट होत जातात. फॉस्फेट राहिले तर नळ्यांवर कीट चढते, अमोनिया राहिला तर तांब्याच्या मिश्रधातूची झीज होते, आणि दोन्हींच्या पोषणावर शेवाळ माजते. म्हणून आणखी एक संस्कार करावा लागतो व त्याचा खर्च येतो. पण तितके पेंचचे पाणी मोकळे राहते आणि दुष्काळातही संच चालू ठेवण्याची हमी मिळते. माझ्या मते या व्यवहारातील सर्वांत मोठा नफा ही हमीच होय. केंद्र शासनालाही ही गोष्ट पटली असावी, कारण जानेवारी २०१६ च्या वीजदर धोरणात, सांडपाणी शुद्धीकरण केंद्रापासून पन्नास किलोमीटरच्या आतील औष्णिक केंद्रांनी ते पाणी वापरलेच पाहिजे, असा नियम घालण्यात आला.

पेंचच्या जंगलाचाही उल्लेख येथे केला पाहिजे. तोतलाडोह जलाशय व्याघ्र प्रकल्पाच्या अरण्यात वसलेला आहे. भोवतालचे साग आणि बांबू माती धरून ठेवतात, म्हणून गाळ कमी येतो. कोणत्याही कंपनीच्या ताळेबंदात हे जंगल मालमत्ता म्हणून दाखविलेले मी पाहिलेले नाही, आणि ही उणीव मला गंभीर वाटते.

मात्र कोराडीला सर्वच साधले असे म्हणणे सत्याला धरून होणार नाही. जुलै २०२२ च्या अतिवृष्टीत याच केंद्राचा खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटला आणि राखेचा चिखल शेतांत व ओढ्यांत पसरला. पाण्याच्या बाबतीत जी दूरदृष्टी दाखविली ती राखेच्या बाबतीत दाखविली असती, तर भरपाई, साफसफाई आणि लोकांचा गेलेला विश्वास यांचा बोजा पडला नसता.

शिवाय नागपूर शहरातून वाहणारी नाग नदी अजून स्वच्छ झालेली नाही. तिचे मळलेले पाणी कन्हानेत, कन्हान आंभोऱ्याला वैनगंगेत आणि तेथून गोसीखुर्दच्या जलाशयात जाते, जेथे ढिवर समाजातील माणसे मासेमारीवर पोट भरतात. त्यांचाही तो धंदाच आहे आणि त्यांचे भांडवल म्हणजे ते पाणी. परंतु नागपुरातील करारमदारांत त्यांना आजवर कोणी पक्षकार मानलेले नाही. सांडपाण्याच्या पुढच्या कराराचा मसुदा होईल तेव्हा, नागेच्या संगमाखाली कन्हानेच्या पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूचे किमान प्रमाण किती असावे, हे त्यात कलम म्हणून लिहावे, ते दरमहा मोजावे, आणि त्या मोजणीची एक प्रत आंभोऱ्याच्या मच्छीमारांकडे पोहोचती करावी.