काट्यावर न चढणारी भांडी

जुन्या बाजारात तांब्याचा फुटका हंडासुद्धा कोणी फुकट देत नाही. पण जाड काचेचे, झाकणासकट शाबूत असलेले, एकही टवका न उडालेले भांडे मात्र दोन वडापावांच्या पैशांत हाती पडू शकते. गेली काही वर्षे मी गिरगाव, दादर, परळ, लालबाग या भागांतल्या घरगुती भांड्यांच्या दुसऱ्या जन्माचा माग काढते आहे. मायक्रोवेव्हमध्ये चालतील अशी भांडी स्वस्तात मिळवावीत, एवढाच सुरुवातीचा हेतू होता. हिंडता हिंडता असे दिसू लागले, की जुन्या भांड्याची किंमत ते किती उपयोगी आहे यावर ठरत नाही. ते काट्यावर चढते की नाही, यावर ठरते. हा फरक कुठून आला आणि त्याचा आज आपल्याला काय उपयोग, ते या लेखात मांडायचे आहे.

मोड आणि घडणावळ

पायधुनी-मुंबादेवीच्या परिसरातल्या भांडीबाजाराचे नावच तांबाकाटा. मराठी घरात तांबे-पितळ हे भांडे होते तसेच ती ठेवही होती. हंडा गळू लागला, कळशी चेपली, की ती मोडीत काढायची. दुकानदार वजन करणार, मोडीचा भाव लावणार आणि तेवढी रक्कम नव्या भांड्याच्या किमतीतून वजा करणार. घेताना दिलेली घडणावळ विकताना बुडायची, पण धातू उरायचा. ‘मोडीत काढणे’ हा शब्दप्रयोग आज आपण माणसांपासून कायद्यांपर्यंत सगळ्यांसाठी वापरतो. त्याच्या मुळाशी असलेल्या व्यवहारात मात्र टाकून देणे नव्हते, वसुली होती.

या ठेवीची कसोटी गिरणगावाने पाहिली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरणी कामगारांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले आणि संप लांबत गेला. त्या दिवसांच्या आठवणींत दागिन्यांच्या मागोमाग भांडी गेल्याचा उल्लेख पुन्हापुन्हा येतो. घंगाळ गेले, मग पिंप, मग लग्नात आलेली समई. पितळेचे तांदूळ होऊ शकत होते. काचेच्या भांड्याने कोणाच्या घरची चूल पेटली नसती.

बोहारणीच्या टोपलीत

दुसरी वाट बोहारणीची. चाळीच्या चौकातून तिची हाक आली, की जुन्या कपड्यांची बोचकी बाहेर निघत. व्यवहारात पैसा नव्हता, घासाघीस भरपूर होती. चार साड्या आणि दोन पॅण्टींत पातेले येते की नुसता डबा, यावर अर्धा तास जाई. खऱ्या जरीच्या जुन्या साडीला वेगळा भाव असे, कारण ती जाळून चांदी काढता येई. हा धंदा करणाऱ्या अनेक बाया मूळच्या गुजरातमधल्या, वाघरी म्हटल्या जाणाऱ्या आणि स्वतःला देवीपूजक म्हणवणाऱ्या समाजातल्या. लुसी नॉरिस या मानवशास्त्रज्ञ बाईंनी दिल्लीतल्या याच व्यापाराचा अभ्यास केला आणि त्यावरचे त्यांचे पुस्तक २०१० मध्ये आले. जुना कपडा घरातून बाहेर पडून पुन्हा बाजारात कसा उभा राहतो, हे त्यातून कळते.

आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट एवढीच, की बोहारीण आणे ते स्टील. कल्हईची कटकट नाही, आंबट पदार्थाची भीती नाही, पडले तरी फुटत नाही. डोक्यावर टोपली घेऊन जिने चढणाऱ्या बाईला काचेचे ओझे परवडणारेच नव्हते. अशा रीतीने स्टील फळीवर चढले आणि तांबे-पितळ पोटमाळ्यावर गेले. ॲल्युमिनियमला तर नावही परके पडले होते. ते राहिले ‘जर्मनचे पातेले’.

स्टीलवर नाव कोरून घेण्याची पद्धत यात भर घालून गेली. शेजारी वाटी गेली तर ओळखून परत यावी, हा तिचा साधा उपयोग. पण ‘यांच्या स्मरणार्थ’, ‘मामाकडून सप्रेम भेट’, वास्तुशांतीची तारीख अशा मजकुरामुळे भांडी म्हणजे घराची वही झाली. जुन्या बाजारात असे डबे ढिगाने दिसतात. नाव कोरलेल्या डब्याला गिऱ्हाईक बिचकते. दुसऱ्याच्या आजोबांच्या स्मरणार्थ आलेल्या डब्यात आपली साखर कशी भरायची?

काच का स्वस्त

धातू घासता येतो, तापवता येतो, म्हणून तो शुद्ध करता येतो, अशी आपली जुनी समजूत. राख आणि चिंच यांनी दुसऱ्याचे भांडे आपले होई. मातीचे भांडे मात्र एकदा बाटले की टाकायचे. काच आणि चिनी माती या दोहोंच्या मध्ये कुठेतरी अडकली. पुष्कळ घरांत त्यांची फळी वेगळी असे. कामाला येणाऱ्या बाईची कपबशी वेगळी ठेवण्याची रीतही याच फळीवर वाढली, आणि ती सगळीकडून गेली आहे असे म्हणता येणार नाही. वापरलेली काच विकत घेताना आजही जी नाके मुरडली जातात, त्यात स्वच्छतेची काळजी थोडी आणि हा वारसा जास्त आहे.

दुसरे कारण शुद्ध व्यवहाराचे. पितळेच्या भांड्याची किंमत कितीही घसरली तरी मोडीच्या भावाखाली जात नाही. काचेच्या भांड्याला असा तळ नाही. खोक्यातून बाहेर आले, की त्याची किंमत वापरणाऱ्याला वाटेल तेवढीच. लग्नात आलेले आणि कधी न उघडलेले लेमन सेट भंगारवाल्याकडे जातात, तेव्हा तो खोक्याकडे रद्दी म्हणून बघतो आणि आतल्या काचेकडे अडचण म्हणून. जाणत्या गिऱ्हाइकाचा फायदा नेमका इथे आहे.

लहरींची भाषा

आता या जुन्या हिशेबात मायक्रोवेव्हने केलेली उलटापालट पाहू. रडारवर काम करणाऱ्या रेथिऑन या अमेरिकी कंपनीतल्या पर्सी स्पेन्सर यांनी १९४५ मध्ये सूक्ष्मलहरींनी अन्न शिजवण्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. १९४७ मध्ये बाजारात आलेली पहिली भट्टी माणसाच्या उंचीची होती. आजच्या घरगुती भट्टीतल्या लहरींची वारंवारता २४५० मेगाहर्ट्‌झ, म्हणजे लहरीची लांबी साधारण १२ सेंटिमीटर. या लहरी अन्नातल्या पाण्याच्या रेणूंना हलवतात आणि त्यातून उष्णता निर्माण होते. धातूवरून त्या परततात. म्हणून स्टीलच्या डब्यातली आमटी नीट तापत नाही आणि कडांशी ठिणग्या उडू शकतात. तीन पिढ्यांनी जमवलेली फळी या यंत्रापुढे निकामी ठरते. कामाची ठरते ती वेगळ्या फळीवरची काच.

मात्र सगळी काच सारखी नसते. बोरोसिलिकेट काचेत बोरॉनचे ऑक्साइड असते. तापल्यावर ती साध्या काचेच्या जेमतेम एक तृतीयांश प्रसरण पावते, म्हणून सहसा तडकत नाही. अमेरिकेत १९१५ मध्ये ‘पायरेक्स’ या नावाने ती स्वयंपाकघरात आली. आपल्याकडे १९६२ साली स्थापन झालेल्या कंपनीमुळे ‘बोरोसिल’ हे तिचे जणू सामान्यनाम झाले. लेमन सेटची काच बहुधा साधी असते. त्यावर सोनेरी काठ असेल तर तो धातूचा, म्हणजे ठिणगीला आमंत्रण.

जुने भांडे घेताना मी पाहते ते असे. तळाशी कंपनीचे नाव किंवा मायक्रोवेव्हची खूण आहे का? उजेडासमोर धरल्यावर बारीक भेग दिसते का? काठावरून नख फिरवल्यावर टवका लागतो का? सोनेरी-रुपेरी रेघ असेल तर भांडे खाली ठेवायचे. मेलामाइनच्या ताटल्या चिनी मातीसारख्या दिसतात, पण वजनाला हलक्या असतात आणि वाजवल्या तर बद्द आवाज येतो. त्या भट्टीत घालायच्या नाहीत. घरी आणल्यावर एक चाचणी करावी. भट्टीत रिकामे भांडे ठेवावे, शेजारी चांगल्या काचेच्या कपात पाणी ठेवावे आणि एक मिनिट यंत्र चालवावे. पाणी गरम आणि भांडे थंड, तर भांडे चालेल. भांडेच तापले, तर त्यात कोथिंबीर लावावी.

या चाचणीला एक मर्यादा आहे. जुन्या चिनी मातीच्या झिलईत शिसे असू शकते, आणि ते आंबट पदार्थात उतरते. मायक्रोवेव्हची चाचणी ते दाखवत नाही. जुन्या बाजारातली रंगीत बरणी कितीही देखणी असली, तरी लोणच्यासाठी घेऊ नये.

कुठे शोधावे

मटन स्ट्रीटचा चोरबाजार हे पहिले ठिकाण. शुक्रवारी तिथली पक्की दुकाने बंद असतात आणि पहाटेपासून रस्त्यावर जुम्मा बाजार भरतो. जुन्या शोभेच्या वस्तूंचे दर पर्यटकांसाठी असतात. झाकण हरवलेल्या काचेच्या भांड्याकडे पर्यटक वळत नाही. गल्लीतला भंगारवाला हे दुसरे आणि माझ्या मते अधिक चांगले ठिकाण. काच बाजूला ठेवायला त्याला सांगून ठेवावे लागते, नाहीतर ती बाटल्यांबरोबर फुटून जाते.

सध्या या भागात अशा वस्तूंचा पूर आहे, आणि त्याचे कारण आनंदाचे तितकेच घालमेलीचे आहे. १९२० च्या दशकात बांधलेल्या बीडीडी चाळींतली खोली १६० चौरस फुटांची. ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीतल्या ५५६ कुटुंबांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. नायगाव आणि ना. म. जोशी मार्गावरही पुनर्विकास सुरू आहे, लालबाग-गिरगावातल्या खासगी चाळीही उतरत आहेत. नव्या घराला ओटा आहे, मायक्रोवेव्हला जागा आहे, पोटमाळा नाही. घर बदलताना धातू काट्यावर जातो आणि नावांसकट वितळतो. काच जिन्याखाली राहते.

म्हणून घर रिकामे करणाऱ्यांना दोन गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. मोडीला देण्याआधी प्रत्येक भांड्यावरचा मजकूर वहीत उतरवून घ्यावा. कोणी, कोणाला, कधी दिले, याची इतकी नेमकी नोंद घरात दुसरीकडे क्वचितच सापडेल. आणि काचेचे खोके जिन्याखाली टाकण्याऐवजी उघडून, धुऊन, मजल्यावरच्या शेजाऱ्यांपुढे ठेवावे. त्यातले काय भट्टीत चालते, हे तपासायला एक कपभर पाणी आणि एक मिनिट पुरते.