ओळख सापांची – ६ : डोळ्याखालच्या दोन काळ्या रेघा

ओढ्याच्या काठी दगडाखालून निघून पाण्यात शिरलेला, पिवळट अंगावर काळे चौकोन असलेला साप दिसला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, घोणस. दुसरा म्हणतो, पाण्यातल्या सापाला कसलं आलंय विष! पहिला नक्षीवर विसंबला, दुसरा जागेवर. मला दुसऱ्याची जास्त काळजी वाटते. नाग चांगला पोहतो आणि बेडकांच्या मागे ओढ्याला येतोच. घोणससुद्धा वेळ आली तर पाणी ओलांडते. त्यामुळे पाण्यात दिसला म्हणून बिनविषारी, हा हिशेब आधी डोक्यातून काढून टाका.

ओढ्यात, विहिरीत, भातखाचरात सर्रास दिसणारा साप म्हणजे दिवड, काही भागांत विरोळा. मासे आणि बेडूक हे त्याचं खाणं. रंगावर मात्र जाऊ नका. एक दिवड पिवळाधमक, दुसरा शेवाळी, तिसरा मातकट. कुणाच्या अंगावरचे चौकोन बुद्धिबळाच्या पटासारखे ठसठशीत, तर कुणाचे पुसटलेले. मग बघायचं काय? चेहरा. डोळ्याच्या खालून एक काळी तिरपी रेघ वरच्या ओठावर उतरते आणि डोळ्याच्या मागून दुसरी तोंडाच्या कोपऱ्याकडे जाते. अंगावरची नक्षी पुसट असली तरी या रेघा बहुधा शाबूत असतात. नाकपुड्या किंचित वरच्या बाजूला, म्हणजे बाकीचं अंग पाण्याखाली ठेवून नुसतं नाक-डोळे वर काढले तरी त्याचं भागतं. फोटो मोठा करून पाहिलात तर पाठीवरच्या खवल्यांवर मधोमध उठलेली बारीक धार दिसेल.

घोणशीच्या पाठीवरही धारेचे खवले असतात, म्हणून फक्त तेवढ्यावर निकाल देऊ नये. तिचं डोकं बघा : त्रिकोणी, मानेपासून वेगळं उठून दिसणारं आणि वरून बारीक बारीक खवल्यांनी भरलेलं. दिवडाच्या डोक्यावर मोठमोठे, सपाट खवले मांडलेले असतात. घोणशीच्या पाठीवर काळ्या किनारीच्या लंबगोल ठिपक्यांच्या तीन ओळी मानेपासून शेपटीकडे जातात. अंग जाड, शेपूट आखूड. आणि डिवचली तर तिचा फूत्कार लांबूनही ऐकू येतो.

या घोणशीचं इंग्रजी आणि शास्त्रीय नाव ज्याच्यावरून पडलं, तो पॅट्रिक रसेल ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत होता. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या सापांवरचं त्याचं पुस्तक १७९६ साली निघालं. विषारी कोणता आणि निरुपद्रवी कोणता, हाच त्याच्यापुढचा प्रश्न. चित्रं तर त्याने काढून घेतलीच, पण प्रत्येक सापाच्या पोटाखालचे आणि शेपटीखालचे खवलेही मोजून लिहून ठेवले. सव्वादोनशे वर्षं झाली, आपण अजून रंगच विचारतो.

दिवडाची खरी गल्लत होते ती नागाशी. कोंडीत सापडला की हा पुढचं अंग उचलतो, मान चपटी करतो आणि त्याचा हा आवेश पाहून काठी उचलली जाते. नागाचा फणा मानेतल्या लांब बरगड्यांनी ताणलेला, रुंद असतो. पाठीवरचे खवले गुळगुळीत असतात. फण्यावर दहाचा आकडा दिसला तर प्रश्नच मिटला, पण तो प्रत्येक नागावर असतोच असं नाही. शंका असेल तर तो नागच आहे असं धरून मागे व्हावं.

दिवड चावतोही पटकन, आणि रक्त बऱ्यापैकी येतं. तो बिनविषारी आहे, तरीही ‘दिवडच होता’ म्हणून घरी बसू नका. थेट दवाखाना गाठा. साप मारून सोबत नेण्याची गरज नाही. त्या नादात दुसरा माणूस चावून घेतो. डॉक्टर लक्षणं पाहतात, काचेच्या नळीत थोडं रक्त घेऊन वीस मिनिटांत गोठतं का ते बघतात. आपल्याकडचं प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसं या चौघांवर मिळून एकच असतं.

या चौघांत चापडा नाही, हे आंबोलीकडे ओढ्यात उतरणाऱ्यांनी ध्यानात ठेवावं. मलबारी चापडा ओढ्याकाठच्या फांदीवर किंवा शेवाळलेल्या दगडावर तासन् तास हलत नाही. रंग हिरवा, तपकिरी, पिवळा, कोणताही. डोळा आणि नाकपुडी यांच्या मधली खाच ही त्याची खूण, पण ती बघायला कुणी जवळ जाऊ नये. कॅमेऱ्यालाच लांबून जवळ आणावं आणि डोकं बाजूने टिपावं. पाण्यात वळणाऱ्या शेपटाच्या फोटोवरून सर्पमित्रही काही सांगू शकत नाही.

(पुढच्या भागात : मण्यार आणि कवड्या)