मुलाच्या नावावर घर करताय? आधी ही अट कागदावर आणा

बदलापूर, अंबरनाथ, वांगणी पट्ट्यात हे चित्र नवीन नाही. गावची जमीन विकून नाहीतर फंडाच्या पैशातून फ्लॅट घेतला जातो. त्यात आई-वडील, मुलगा-सून, नातवंडं सगळी एकत्र. मेंटेनन्स कोण भरणार, लाइट बिल कुणी द्यायचं, आईच्या गोळ्या कुणी आणायच्या, हे कधी बसून ठरवलेलंच नसतं. आणि एक दिवस मुलगा म्हणतो, "बाबा, घर माझ्या नावावर करा ना, लोन काढायचंय."

मुलाला किंवा मुलीला राहतं घर, शेतजमीन बक्षीसपत्राने देताना आपल्या राज्यात मुद्रांक शुल्क फक्त 200 रुपये आहे. नोंदणी आणि स्थानिक अधिभार वेगळा. खर्च कमी, म्हणून लोक पटकन करून मोकळे होतात. पण दस्त नोंदला की मालक मुलगा. पुढे बिनसलं तर?

ज्येष्ठांसाठी 2007 चा कायदा आहे. त्याच्या कलम 23 नुसार, 60 वर्षांवरील माणसाने सांभाळण्याच्या अटीवर घर दिलं आणि मुलांनी सांभाळलं नाही, तर तो दस्त रद्द होऊ शकतो. सगळी मेख 'अटीवर' या शब्दात आहे. डिसेंबर 2022 मध्ये सुप्रीम कोर्टात हरियाणातल्या एका आईचा दावा टिकला नाही, कारण अशी अट दाखवता आली नाही. उलट जानेवारी 2025 मध्ये मध्य प्रदेशातल्या छतरपूरच्या आईला घर परत मिळालं. तिथे दस्तात सांभाळण्याचा उल्लेख होता, शिवाय 'सांभाळलं नाही तर दस्त मागे घ्यावा' असं वचनपत्र होतं. ते खोटं आहे असं मुलगा म्हणत राहिला, तरी कोर्टाने आईचं ऐकलं.

म्हणून वकिलाला सांगून दस्तातच साधं वाक्य घाला: 'आम्हा दोघांना हयातभर याच घरात राहू द्यावे, जेवणखाण व औषधोपचार करावा, या अटीवर हे घर देत आहोत. अट मोडल्यास दस्त रद्द करून घेण्याचा हक्क आम्हाला राहील.' मुलगा खरंच सांभाळणार असेल तर त्याला सही करायला जड का जावं?

उल्हासनगरच्या कॅम्पात अजून एक बघा. घराचे कागद आजोबांच्याच नावावर असतील तर आधी वारसांची नोंद करून घ्या. जे आपल्या नावावर नाही ते देता येत नाही.

घर नावावर करायचं नसेल तरी महिन्याच्या खर्चाचा कागद करा. कोण किती देणार, कोणत्या तारखेला, औषधपाणी कुणाकडे, एवढं पुरे. साध्या कागदावर सगळ्यांच्या सह्या घ्या. स्टॅम्पच हवा असेल तर ऑक्टोबर 2024 पासून 100 ऐवजी 500 चा लागतो. असा घरगुती कागद कोर्टात करार म्हणून टिकेलच असं नाही, पण काय ठरलं होतं याचा पुरावा राहतो. पैसे हातात देण्यापेक्षा खात्यावर टाका. आणि मुलींनाही यात धरा, कायद्याने जबाबदारी त्यांचीही आहे.

सुनेला घराबाहेर काढायची अट मात्र लिहू नका. सासरच्या घरात राहण्याचा तिचा हक्क ज्येष्ठांच्या कायद्याने आपोआप संपत नाही, असं सुप्रीम कोर्टाने 2020 मध्येच सांगितलंय.

वाद झालाच तर उल्हासनगर आणि अंबरनाथ तालुक्यासाठी अर्ज उल्हासनगरच्या प्रांत कार्यालयात, निर्वाह न्यायाधिकरणाकडे करायचा. महिना 10,000 रुपयांपर्यंत निर्वाह खर्च मंजूर होऊ शकतो, आणि नोटीस बजावल्यापासून 90 दिवसांत निकाल देणं अपेक्षित आहे. फोनवर माहिती हवी असेल तर ज्येष्ठांची हेल्पलाइन 14567.